स्मरण कोणाचं?

एलिमेंटरी ग्रेड परीक्षेला बसलेल्या माणसाला ‘स्मरणचित्र’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दोन तासांचा पेपर, दिलेल्या विषयांतून एक निवडायचा, चित्रात मानवाकृती हव्यात, आणि समोर पाहायला काहीही नाही. भाजीमंडई, बसथांबा, फुगेवाला, पाणवठा, गणपतीची मिरवणूक असे विषय फिरून फिरून येत, त्यामुळे त्यांची तयारीही फिरून फिरून तीच असे. १९८३ साली आमच्या तालुक्याच्या गावातली आम्ही आठवीची मुलं तीन आकृत्या पाठ करून परीक्षेला गेलो होतो. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, पिशवी धरलेला धोतरवाला गृहस्थ आणि हात वर करून धावणारं पोर. मंडईचा विषय आला तर बाई भाजीवाली व्हायची. पाणवठा आला तर टोपलीचा हंडा व्हायचा. पोराच्या हातात फुगा द्यायचा की पतंग, एवढाच निर्णय आमच्यावर सोपवलेला होता.

माझी आई शनिवारच्या बाजारात भाजी विकायची. पाचव्या-सहाव्या वर्षापासून मी तिच्याबरोबर बाजारात बसत आलो होतो. बसत म्हणजे खरोखरच बसत. पालाखाली, बारदानावर, मेथीच्या जुड्या आणि गवारीचे वाटे यांच्या मागे. तिथून बाजार दिसतो तो पायांचा. पोटऱ्या, धोतराचे सोगे, नऊवारीचे काठ, चिखलाच्या चपला, गुडघ्यांशी लोंबणाऱ्या पिशव्या, आणि मधूनच खाली वाकून आलेला एखादा चेहरा, जो गवार मोडून पाहतो आणि परत वर निघून जातो. परीक्षेच्या महिनाभर आधी, सरावाच्या एका चित्रात, मी हेच काढलं. बरोबर आलं होतं असं मी म्हणणार नाही. पण ते माझं होतं. आमच्या चित्रकलेच्या सरांनी त्यावर लाल पेन्सिलीने फुली मारली आणि खाली लिहिलं, ‘मानवाकृती अपूर्ण’. ‘धड कुठे आहेत? डोकी कुठे आहेत? परीक्षक मार्क कशाला देईल?’ सर दुष्ट नव्हते. आम्ही पास व्हावं म्हणून रविवारी शाळा उघडून शिकवायचे. मी परीक्षेत टोपलीवाली बाई काढली आणि बी ग्रेड मिळवली.

पुढे माझं चित्रकलेचं शिक्षण झालं नाही. बँकेत कारकुनी केली, आणि ती करता करता चित्रकलेच्या इतिहासाची पुस्तकं जिथे मिळतील तिथून वाचत गेलो. रद्दीच्या दुकानातून, जिल्हा ग्रंथालयाच्या धुळकट कपाटातून, नंतर नंतर मुंबई-बडोद्याच्या खेपांतून. एका प्रश्नाने पाठ सोडली नाही. जे चित्र ‘स्मरणातून’ काढायचं, ते पाठ कसं काय करता येतं? आणि विद्यार्थ्याच्या स्मरणाला चित्रकलेच्या शाळेत जागा द्यायची ही कल्पना मुळात कोणाची?

शोधता शोधता मी एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसला जाऊन पोहोचलो. तिथे ओरास लकॉक द ब्वाबोद्रां नावाचे एक चित्रकला शिक्षक होते. जन्म १८०२, मृत्यू १८९७. चित्रकार म्हणून त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. ज्या शाळेत ते शिकवत तिला लोक ‘धाकटी शाळा’ म्हणत, कारण मोठी, मानाची शाळा वेगळी होती. इथे यायची ती नक्षीकाम, कोरीवकाम शिकून पोट भरणारी मुलं. या शिक्षकाला एक गोष्ट खटकत होती. मुलं समोरच्या वस्तूची नक्कल उत्तम करत, पण वस्तू हलवली की त्यांच्याजवळ काहीच उरत नसे. म्हणून त्यांनी स्मरणाची तालीम सुरू केली. सुरुवात अगदी साधी, रेषांच्या लांबीपासून. मग नाकाची कड, मग चेहरा. पुढे तर मुलांनी संग्रहालयात जाऊन एखादं जुनं चित्र डोळ्यांत भरून घ्यायचं आणि परत येऊन ते कागदावर उतरवायचं. शेवटची पायरी मला सगळ्यात आवडते. ते मुलांना शहराबाहेर मोकळ्या जागेत नेत. तिथे मॉडेल म्हणून आलेली माणसं नेहमीसारखी ताटकळत उभी नसत. ती चालत, बसत, पाण्याच्या काठाने फिरत. मुलांनी फक्त बघायचं. काढायचं ते नंतर.

यातून त्यांना हवं काय होतं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांचं स्मरणशिक्षणावरचं पुस्तक १८४८च्या सुमारास निघालं आणि १९११मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. समोरची वस्तू पाहून काढलेली दहा चित्रं एकमेकांसारखी होऊ शकतात. पण आठवून काढलेली दहा चित्रं तशी होत नाहीत, कारण आठवताना प्रत्येक जण वेगळं काहीतरी टाकून देतो आणि वेगळं काहीतरी धरून ठेवतो. हे जे धरून ठेवणं, तेच त्या मुलाचं स्वतःचं. त्याला हात न लावता त्याला बळ कसं द्यायचं, हा या गृहस्थांचा सगळा खटाटोप. त्यांच्या वर्गातून ऑग्युस्त रोदँ बाहेर पडला, फान्तँ-लातूर बाहेर पडला, आल्फोन्स लेग्रो बाहेर पडला. तिघांच्या कामात एकमेकांचं साम्य शोधूनही सापडत नाही, आणि गुरूचं तर नाहीच.

म्हणजे स्मरणचित्र हा विद्यार्थ्याला त्याचं त्याला परत देण्यासाठी निघालेला मार्ग होता. आमच्या गावात त्याच नावाखाली तीन आकृत्या पाठ केल्या जात होत्या.

असं का झालं, याचं एक कारण आपल्याकडे कलाशिक्षण कशासाठी आलं यात आहे. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर इंग्रजांच्या लक्षात आलं की आपला यंत्रावरचा माल भरपूर, पण त्यावरची नक्षी दरिद्री. मग हेन्री कोल यांच्या देखरेखीखाली साउथ केन्सिंग्टनमधून एक शिस्तबद्ध अभ्यासक्रम देशभर गेला. भूमिती, मुक्तहस्तचित्र, सपाट नमुन्यावरून नक्कल, मग प्लॅस्टरच्या साच्यांवरून नक्कल, पायरीमागून पायरी. उद्देश चित्रकार घडवण्याचा नव्हता, चांगले कारागीर घडवण्याचा होता. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७मध्ये मुंबईत कलाशाळेचे वर्ग सुरू झाले ते याच वातावरणात. ग्रीक मूर्तींचे साचे जहाजातून आले आणि मुंबईची मुलं त्यांच्या छाया घोटू लागली.

या नकलेला सरसकट शिव्या देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी जे.जे.च्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भिंतींवरच्या चित्रांच्या नकलाच करून घेतल्या, आणि त्या काळोखात बसून नकला करणाऱ्यांत पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार तयार झाला. नक्कल करताना हात शिकतो, डोळा शिकतो. अडचण पुढे आहे. हात आणि डोळा तयार झाल्यावर ‘आता तुझं काय?’ हे कोणी विचारायचं? अभ्यासक्रमात त्या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

तरी रकाना नसताना उत्तर देणारी माणसं निघालीच. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९०मध्ये कोल्हापूरहून जे.जे.मध्ये आले. पुढे तिथेच शिक्षक झाले आणि १९४०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात त्यांनी त्या शाळेचं आतून दिसणारं जग लिहून ठेवलं. १८९५मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. कोणत्या चित्रासाठी? साचे ग्रीक, शिक्षक इंग्रज, परीक्षक बहुतेक युरोपियन. आणि चित्राचा विषय लक्ष्मीच्या आगमनाचा, मराठी घरातला, बायकांनी सांभाळलेला. त्यांच्या आयुष्यभराच्या कामात पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रांचा ढीग आहे, आणि त्यातली पुष्कळशी आज मला नाटकी वाटतात. पण पाठारे प्रभूंच्या घरातल्या बायका, त्यांची नेसणी, दागिने, लग्नातली धांदल जिथे येते तिथे त्यांचा हात बदलतो. शाळेने शिकवलेली छायाप्रकाशाची सगळी विद्या तीच, पण आता ती कशासाठी वापरायची हे माणसाला ठाऊक आहे. त्या बायका त्यांनी जन्मापासून पाहिल्या होत्या.

धुरंधरांना कोणी ‘घरचा विषय काढा’ असं सांगितलं नव्हतं. तिथे त्यांचं ते पोहोचले. पण ज्याचा स्वभाव धीट नाही, ज्याला घरून पाठबळ नाही, अशा मुलाचं काय? कलाशाळेने हा प्रश्न अंगावर घ्यायचा तर शिक्षकाने काय करायचं, याचं उत्तर मला सापडलं ते आणखी एका मराठी माणसाच्या आयुष्यात, मात्र महाराष्ट्राच्या बाहेर.

नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म १९१०चा, इंदूरचा. होळकरांच्या त्या गावात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७मध्ये चित्रकलेची शाळा सुरू केली होती. शाळा लहान, परीक्षा मुंबईची. डिप्लोमासाठी मुलांना मुंबईलाच यावं लागे. बेंद्र्यांनीही तो मिळवला. पण मुंबईपासून लांब असण्याचा एक फायदा होता. देवळालीकरांची मुलं रंगपेटी घेऊन इंदूरच्या गल्ल्यांत, घाटांवर, माळावर बसायची आणि समोर जे गाव आहे ते रंगवायची. त्या एका लहानशा शाळेतून बेंद्रे निघाले, डी. जे. जोशी निघाले, विष्णू चिंचाळकर निघाले, आणि काही काळ तिथे शिकलेले मकबूल फिदा हुसेनही. यांची चित्रं शेजारी शेजारी लावून पाहा. चिंचाळकर गुरुजी तर पुढे रंगच सोडून वाळकी पानं, फांद्या, टाकाऊ वस्तू यांतून चित्रं घडवू लागले आणि ते मुलांना शिकवू लागले. हे चौघे एका गुरूचे, असं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

हुसेन यांच्याबद्दल एक हकिकत सांगतात. बेंद्र्यांनी त्या मुलाचं काम पाहिलं आणि त्याच्या घरी जाऊन वडिलांना सांगितलं की याला चित्रच काढू द्या. वडील साध्या नोकरीतले, घरची ओढाताण. तरी त्यांनी ऐकलं. या हकिकतीत मला हुसेनपेक्षा बेंद्र्यांचं कौतुक वाटतं. ते स्वतः तेव्हा विशीतले तरुण होते.

१९५०मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कलांची विद्याशाखा उघडली. कुलगुरू हंसा मेहता, विद्याशाखेचे पहिले प्रमुख मार्कंड भट्ट, आणि चित्रकला विभाग बेंद्र्यांकडे. चित्रकलेला विद्यापीठात, पदवीच्या बरोबरीने जागा मिळणं हीच तेव्हा नवलाची गोष्ट. तिथे कलेचा इतिहास सगळ्यांना अभ्यासावा लागे, म्हणजे आपण सोडून इतर माणसांनी जगात काय काय केलं आहे हे मुलाच्या कानावर पडेल अशी सोय होती. शंखो चौधुरी शिल्पकला शिकवत. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली तयार झालेले के. जी. सुब्रमण्यन लवकरच तिथे आले. त्यांनी खेळणी, विणकाम, मातीकाम यांना चित्राच्या पंगतीला बसवलं.

बेंद्र्यांनी काय केलं? ते विद्यार्थ्यांसमोर स्वतः काम करून दाखवत. एवढ्यावर थांबलो तर हे नेहमीचंच झालं; शिक्षक करून दाखवतो, मुलं गिरवतात. पण बेंद्रे बडोद्यात एका शैलीत थांबलेच नाहीत. १९४७-४८च्या अमेरिका-युरोपच्या प्रवासात त्यांनी जे पाहिलं होतं ते सगळं त्यांनी वर्गात उघडं टाकलं. आज घनवादी मांडणी, उद्या सपाट रंगांची, परवा आकृती नसलेली. १९५५मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं ‘काटा’ हे चित्रही याच काळातलं. विषय साधा, पायात रुतलेला काटा काढण्याचा. समीक्षकांनी यावर नाकं मुरडली. बेंद्र्यांचं स्वतःचं असं काय, असं विचारलं गेलं, अजूनही विचारतात. मला वाटतं, त्या सोळा वर्षांत त्यांनी हे मोल जाणून दिलं. शिक्षकाची एकच घट्ट शैली असेल तर मुलगा तिच्यात अडकतो. शिक्षकच चार वाटांनी जाऊन दाखवत असेल तर नक्कल नक्की कशाची करायची? १९६६मध्ये त्यांनी बडोदा सोडलं, मुंबईला आले, आणि ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेल्या त्या शांत बायका काढू लागले, ज्या आज सगळे ‘बेंद्रे’ म्हणून ओळखतात. स्वतःची सही त्यांनी वर्ग सुटल्यावर केली.

इथे एक प्रामाणिक नोंद करायला हवी. १९५६मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी मिळून ‘बडोदा ग्रुप’ स्थापन झाला. त्या सुरुवातीच्या वर्षांतली विद्यार्थ्यांची कामं आज पाहिली तर बरीचशी पॅरिसकडे तोंड करून बसलेली दिसतात. टोपलीवाल्या बाईच्या जागी कोनाकोनांची बाई. म्हणजे मोकळीक मिळाली की मुलगा लगेच स्वतःचं काढू लागतो, असं होत नाही. आधी तो नव्या नमुन्याची नक्कल करतो, कारण नमुना ही आधाराची गोष्ट आहे. फरक दहा-पंधरा वर्षांनी दिसला. काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष तंत्रमार्गाच्या आकारांकडे वळले. उत्तर गुजरातेतल्या खेड्यातून आलेले, उमेदवारीत पाट्या रंगवलेले शांती दवे अक्षरांच्या ठशांतून चित्र घडवू लागले. लोथलचे हिंमत शाह मातीच्या डोक्यांकडे परतले. भावनगरचे ज्योती भट्ट इटली-अमेरिका पाहून आले आणि कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांत फिरू लागले. बायका अंगणात काढतात त्या रांगोळ्या, भिंतीवरची चितारलेली मोरं-झाडं, पुसली जाण्याआधी टिपून ठेवू लागले. त्यांच्या छापचित्रांतही ती रेघ आली.

आणि सुरेंद्रनगरहून १९५५मध्ये आलेले गुलाममोहम्मद शेख. त्यांनी १९६९ ते १९७३ एवढा काळ एका चित्रावर काढला. नाव, ‘दीर्घ काळाने घरी परतताना’. चित्रात गावातला मोहल्ला आहे, भिंती आहेत, मशीद आहे. वर फारसी लघुचित्रातून उतरलेले देवदूत आहेत. आणि खाली, अगदी पुढे, बघणाऱ्याच्या जवळ, त्यांची आई आहे.

हे चित्र मी पहिल्यांदा एका पुस्तकात पाहिलं तेव्हा माझं वय पंचेचाळीस होतं. कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही. मी जे स्मरणचित्र म्हणून शोधत होतो ते हे होतं. यात मानवाकृतींचं प्रमाण कोणी मोजणार नाही, आणि तरी यात नकलेची विद्या पुरेपूर आहे; देवदूत चक्क दुसऱ्याच्या चित्रातून आणलेले आहेत. फक्त आई कुठे बसते आणि तिच्यामागे काय दिसतं, हे आणलेलं नाही.

मुंबईतही असे शिक्षक झाले. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे शंकर पळशीकर १९४७पासून जे.जे.मध्ये शिकवत होते, पुढे अधिष्ठाता झाले. प्रभाकर कोलते त्यांचे विद्यार्थी, आणि कोलत्यांच्या चित्रात पळशीकर दिसत नाहीत. पण जे.जे.चा पसारा मोठा, आणि गावोगावच्या शाळांत जी चित्रकला पोहोचली ती पळशीकरांची नव्हती, ग्रेड परीक्षेची होती. आमच्या सरांपर्यंत बेंद्रे, सुब्रमण्यन कोणी आलेच नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचले ते मागल्या वर्षांचे पेपर. म्हणून त्यांच्यावरचा माझा राग कधीच ओसरला. त्यांनी फुली मारली त्याचं आता मला काही वाटत नाही. ‘तू कुठे बसला होतास?’ एवढं विचारलं असतं तर फुली मारूनही चाललं असतं. पोटऱ्या नीट कशा काढायच्या, खाली वाकलेला चेहरा कागदाच्या वरच्या कडेला कसा कापायचा, हे तेच शिकवू शकले असते. ते त्यांना येत होतं.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा भाच्याची एलिमेंटरीची तयारी चालू होती. त्याच्या वहीत तीच बाई होती. टोपली आता प्लॅस्टिकची होती. त्याची रंगपेटी मागून घेतली आणि ओसरीवर बसून चाळीस वर्षांनी तो बाजार पुन्हा काढला. पाय, पिशव्या, वाटे, आणि कडेला तागडी. हात पार गेलेला आहे. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, नजर कमी झाली आहे. कागद डोळ्यांजवळ धरून तिने बराच वेळ पाहिला.

‘शनिवारचा बाजार आहे होय?’ ती म्हणाली. ‘अरे पण तागडी या अंगाला कशी? गिऱ्हाईक तिकडनं यायचं. मी तागडी कायम डाव्या हाताला ठेवायची, तुझ्या डोक्याला लागू नये म्हणून.’

मी तागडी खोडली आणि दुसऱ्या बाजूला काढायला घेतली. भाचा शेजारी येऊन बसला होता.